वैमानिक व्हायचंय, पण डोळ्यांना नंबर आहे

ऐरोलीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, विषय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. येत्या मार्चमध्ये तिला अठरा पूर्ण होतील. सातवीत असल्यापासून तिला हवाई दलात लढाऊ विमान चालवायचं आहे. उंची १६३ सेंटिमीटर आहे, पण चष्मा आहे: उजव्या डोळ्याला मायनस सव्वा, डाव्याला मायनस एक. ठाण्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ‘अठरा झाले की लगेच लेसर करून टाकू, सवलत चालू आहे’ असं सांगितलं आणि एप्रिलची तारीख दिली. पाच हजार रुपये टोकन भरून झाले आहेत. एक क्लास म्हणतो, बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप घ्या, एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची) तयारी करून घेतो, फी १ लाख ८० हजार. धाकटे दीर म्हणतात, आधी कमर्शियल पायलटचं लायसन्स काढा, हवाई दलात प्राधान्य मिळेल, हवं तर घरावर कर्ज काढा. वडील रबाळे एमआयडीसीत नोकरीला आहेत आणि घरात बाजूला टाकलेले सहा लाख आहेत. आई विचारते, ‘ऑपरेशन, क्लास आणि लायसन्स यांतलं आधी काय करू? आणि एनडीए हुकलं तर तिचं सगळंच संपेल का?’

ताई,

तुमच्या प्रश्नांच्या आधी त्या एप्रिलच्या तारखेबद्दल बोलू, कारण बाकीचे निर्णय चुकले तर सुधारता येतील, हा सुधारता येणार नाही. ती शस्त्रक्रिया रद्द करा. पुढे ढकलू नका, रद्दच करा.

हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचला, म्हणजे वैमानिकांच्या शाखेला, मायनस नंबर चालत नाही. लेसरने नंबर घालवलेले डोळे मात्र अल्पसेवेच्या, म्हणजे पदवीनंतर ठरावीक वर्षांसाठीच्या (शॉर्ट सर्व्हिस) प्रवेशात चालतात, पण काही अटींवर, आणि त्यातली पहिलीच अट अशी की शस्त्रक्रिया वयाची वीस वर्षं पूर्ण होण्याआधी झालेली नसावी. अठराव्या वर्षी केलेलं लेसर कितीही उत्तम झालं, तिला ६/६ दिसायला लागलं, तरी त्या एका तारखेमुळे ती वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरेल. ‘सांगितलंच नाही तर?’ असा विचार कोणी सुचवला तर तो मनातून काढून टाका. बुबुळाच्या पृष्ठभागाचा नकाशा काढणारी तपासणी असते, तिच्यात लेसर झालेला डोळा ओळखू येतो. वर माहिती लपवल्याचा ठपका बसतो, तो वेगळाच.

तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी चूक सांगितलं असं नाही. कॉलेजला जाणाऱ्या मुलीचा चष्मा घालवायचा एवढाच हेतू असेल तर अठरा हे वय अनेक ठिकाणी मान्य असतं. त्यांना कॉकपिटचा हिशेब कोणी सांगितला नव्हता.

आता उरलेल्या अटी. शस्त्रक्रियेनंतर किमान बारा महिने गेलेले असावेत आणि त्या काळात कुठलीही गुंतागुंत झालेली नसावी. लेसरपूर्वीचा नंबर सहापेक्षा जास्त नसावा. लेसरनंतर बुबुळाच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी. डोळ्याची पुढून मागेपर्यंतची लांबी २५.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. ब्लेडने काप देऊन करायची जुनी रेडियल केरटॉटमी अजिबात चालत नाही.

यातली लांबीची अट बहुतेक घरांत कोणाला माहीतच नसते, आणि पैसे गेल्यानंतरचा धक्का तिथेच बसतो. मायनस नंबर बहुतेक वेळा येतो तो डोळ्याचा गोल थोडा लांबट झाल्यामुळे. लेसर फक्त पुढचा पडदा घासून त्याला नवा आकार देतो, मागचा लांबट गोल तसाच राहतो. लांबट डोळ्यात आतला पडदा ताणलेला असतो आणि तो फाटण्याचा धोका सामान्य डोळ्यापेक्षा जास्त असतो. म्हणून लेसरनंतर स्वच्छ दिसत असूनही लांबीपायी मुलं नापास होतात. तुमच्या मुलीचा नंबर लहान आहे, तेव्हा लांबी मर्यादेत असण्याची शक्यता चांगली आहे. पण अंदाजावर राहू नका, मोजून घ्या.

त्यासाठी डोळ्यांच्या चांगल्या रुग्णालयात जाऊन तपासण्यांची नावं स्पष्ट सांगा: थेंब घालून बाहुली मोठी करून काढलेला नंबर, डोळ्याची अक्षीय लांबी (हे आयओएल मास्टर नावाच्या यंत्रावर करून मागा), कॉर्नियाची जाडी, कॉर्नियाचा नकाशा आणि रंगदृष्टी. इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाटीवरची रंगांची तपासणी पाच मिनिटांत होते. रंगांधळेपणाला उपचार नाही आणि वैमानिकाला त्यात सूटही नाही, म्हणून ही तपासणी खरं तर सगळ्यात आधी व्हायला हवी. चष्म्याचा नंबर सगळ्यांना पाठ असतो, पण रंग किती जणांनी तपासलेले असतात? रिपोर्ट लेखी घ्या आणि एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा. वीस पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रियेआधी हेच सगळं पुन्हा होईल, तेव्हा मधल्या काळात काय बदललं ते त्या फाइलमधून कळेल.

नंबर वीस-एकविसाव्या वर्षापर्यंत थोडा वाढू शकतो. तो स्थिर झाला नसताना लेसर केलं तर नंबर परत येण्याची भीती असते. म्हणजे थांबण्यात हवाई दलाचा नियम पाळला जातो आणि तिच्या डोळ्यांचंही भलं होतं.

याच फेरीत घरी टेप घेऊन बसा. नुसती उंची पुरत नाही. फ्लाइंगला उंची साधारण १६२.५ सेंटिमीटर लागते, त्यात ती बसते. पण आणखी तीन मापं असतात. तिला जमिनीवर पाठ भिंतीला टेकवून, पाय सरळ पसरून बसवा आणि भिंतीपासून टाचेच्या तळव्यापर्यंतचं अंतर घ्या. ते ९९ ते १२० सेंटिमीटरमध्ये हवं. मग स्टुलावर पाठ भिंतीला लावून, गुडघे काटकोनात ठेवून, भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या कडेपर्यंत मोजा. हे ६४ पेक्षा जास्त नको. तिसरं माप बसलेल्या जागेपासून डोक्याच्या माथ्यापर्यंतचं, ते ८१.५ ते ९६ मध्ये. पाय आखूड असले तर रडरच्या पेडलवर पूर्ण दाब देता येत नाही. मांडी लांब असली तर आणीबाणीत सीटसकट बाहेर फेकलं जाताना गुडघे पुढच्या पॅनेलवर आपटतात. बसल्यावर डोकं फार वर गेलं तर ते कॅनोपीच्या काचेला लागतं. ही विमानाची मापं आहेत, त्यांच्याशी वाद घालता येत नाही. तिची उंची काठावर आहे, म्हणून पायाचं माप दोनदा घ्या. ज्या वर्षी फॉर्म भरायचा त्या वर्षीच्या जाहिरातीतले आकडे मात्र पुन्हा ताडून पाहा.

आता एनडीए. तिला हे प्रेमाने पण सरळ सांगावं लागेल: एनडीएमार्गे फ्लाइंग ब्रँच तिच्यासाठी बंद आहे. तिच्या अभ्यासाचा किंवा जिद्दीचा यात काही दोष नाही. एनडीएला साडेसोळा ते साडेएकोणीस हे वय लागतं आणि लेसर वीसनंतरच चालतं. या दोन अटी एकत्र जुळतच नाहीत. चष्मा असलेल्या प्रत्येक मुलामुलीला हेच लागू आहे, आणि क्लासच्या काउंटरवर हे कोणी सांगत नाही.

शिवाय जागा बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना एनडीएचं दार उघडलं, २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ मुली बाहेर पडल्या. ही मोठी गोष्ट आहे. पण अलीकडच्या जाहिरातींमध्ये हवाई दलाच्या फ्लाइंगच्या ९२ जागांपैकी मुलींसाठी फक्त २ आहेत. संपूर्ण देशातून, एका परीक्षेला दोन. ज्या मुलींचे डोळे निर्दोष आहेत त्यांनी जरूर प्रयत्न करावा, परीक्षा वर्षातून दोनदा असते, साधारण एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये, आणि मुलींना फीसुद्धा नाही. पण ‘एनडीए हुकलं म्हणजे सगळं संपलं’ हे गृहीतक मुलींच्या बाबतीत तर उलटंच आहे. हवाई दलात जून २०१६ मध्ये ज्या पहिल्या तीन महिला फायटर वैमानिक झाल्या, अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह, त्या तिघीही पदवीनंतर गेल्या होत्या. तेव्हा एनडीएत मुलींना प्रवेशच नव्हता.

‘सराव म्हणून एकदा एनडीएला फ्लाइंगचा फॉर्म भरू दे’ असंही कोणी म्हणेल. इथे एक धोका आहे. एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीत शिफारस झाली की फ्लाइंगसाठी सीपीएसएस ही संगणकीय चाचणी होते. यंत्रांचे काटे वाचायचे, हाताने स्टिक आणि पायाने पेडल एकाच वेळी सांभाळून पडद्यावरचं लक्ष्य धरून ठेवायचं, असं तिचं स्वरूप असतं. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात की फ्लाइंग ब्रँच कायमची गेली, मग प्रवेश कुठल्याही मार्गाने असो. वैद्यकीय तपासणी हिच्यानंतर असते. म्हणजे डोळ्यांमुळे जिथे निवड होणारच नाही त्या प्रयत्नात तुमची मुलगी ही एकमेव संधी सतराव्या-अठराव्या वर्षी खर्ची घालेल. नापास झाली तर एकविसाव्या वर्षीचं दारही बंद. तिने एनडीएला बसायचंच ठरवलं तर लष्कर किंवा हवाई दलाच्या ग्राउंड ड्युटीसारख्या, चष्मा चालतो अशा जागांसाठीच बसावं.

आणि तिथे एक प्रश्न तिला शांतपणे विचारा, जेवणाच्या ताटावर नाही, तलावपाळीला किंवा पाम बीचला फिरायला नेऊन: उडायचंय, की गणवेश घालायचाय? उद्या डोळ्यांनी खरंच साथ दिली नाही तर हवाई वाहतूक नियंत्रक, फायटर कंट्रोलर किंवा अभियंता म्हणून त्याच दलात काम करायला आवडेल का? की उडणंच हवं, मग ते प्रवासी विमान असलं तरी चालेल? दोन्ही उत्तरं चांगली आहेत, पण त्यांचे रस्ते वेगळे आहेत. पहिलं उत्तर असेल तर एनडीएच्या इतर शाखा आजही उघड्या आहेत. दुसरं असेल तर नागरी वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीत चष्मा चालतो, म्हणजे उडण्याचा रस्ता तिला कुठल्याही परिस्थितीत आहेच. ‘फायटरच’ हा हट्टही जरा सैल करावा लागेल. फॉर्ममध्ये फायटर असा रकाना नसतो. हैदराबादजवळच्या दुंडिगलला पिलाटस विमानावर पहिला टप्पा पार केल्यावर कामगिरी आणि दलाची गरज पाहून फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर हे ठरतं. ट्रान्सपोर्टवाले पुढे येलहंकाला जातात, हेलिकॉप्टरवाले हकीमपेटला, फायटरवाले शेवटी बीदरला हॉक विमानावर.

तर तिचा खरा रस्ता एफकॅटचा, म्हणजे हवाई दलाच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा. अटी साध्या आहेत: बारावीला गणित आणि भौतिकशास्त्रात प्रत्येकी किमान ५० टक्के, आणि कुठल्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी ६० टक्क्यांनी, किंवा बीई-बीटेक ६० टक्क्यांनी. कुठलीही शाखा म्हणजे खरंच कुठलीही. बीए इतिहास केलेली मुलगी बारावीच्या त्या दोन विषयांच्या जोरावर लढाऊ विमान चालवू शकते. म्हणून या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिने बोर्डाच्या त्या दोन पेपरांना जीव लावावा. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही फॉर्म भरता येतो.

तिच्या तारखा मांडून बघा, त्या छान जुळतात. प्रशिक्षण सुरू होताना वय वीस ते चोवीसच्या आत असावं लागतं. परीक्षा साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये होते, आणि प्रशिक्षण त्यानंतर दहा-अकरा महिन्यांनी, जानेवारी किंवा जुलैमध्ये सुरू होतं. आता बारावी, मग तीन वर्षांची पदवी. दुसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये तिला वीस पूर्ण. त्या वर्षीची कॉलेजची परीक्षा आटोपली की उन्हाळ्याच्या सुट्टीत लेसर. तिसरं वर्ष संपेपर्यंत बारा महिने भरलेले. त्याच तिसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत पहिला एफकॅट. वैद्यकीय तपासणी लेखी आणि एसएसबीनंतर होते, तोवर बारा महिन्यांची अट पुरी झालेली असेल. तिथून चोविशीच्या आत प्रशिक्षण सुरू होईल असे एकूण पाच प्रयत्न तिच्या हातात येतात.

इंजिनिअरिंग घेतलं तर वर्ष एक वाढतं, पाचाचे तीन प्रयत्न होतात. पण त्या बदल्यात नौदलाचा दरवाजा उघडतो, कारण नौदलात अल्पसेवेच्या वैमानिकासाठी बीई-बीटेकला ६० टक्के लागतात. नौदलाच्या डोळ्यांच्या अटी स्वतंत्र आहेत, त्या त्यांच्या जाहिरातीत वेगळ्या वाचाव्या लागतील. इंजिनिअरिंगची आवड असेल तर जरूर घ्यावं, निव्वळ ‘सेफ’ म्हणून नको. आमचं मत विचाराल तर तिच्या डोळ्यांच्या वेळापत्रकाला तीन वर्षांची पदवी जास्त मानवते.

कॉलेज निवडताना एक चौकशी आवर्जून करा: एनसीसीची एअर विंग आहे का? बहुतेक कॉलेजांत आर्मी विंग असते, एअर विंग मोजक्या ठिकाणी. ऐरोलीहून ठाण्याला ट्रान्स-हार्बरने जाणं आणि दादर-चर्चगेटकडे जाणं यात रोजचा तास-दीड तास जातो, तरी एअर विंगसाठी तो घालवण्यासारखा आहे. एअर विंगचं ‘सी’ प्रमाणपत्र असलं तर लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला बोलावणं मिळण्याची सोय आहे. त्यासाठी १० टक्के जागा राखीव असतात. प्रमाणपत्राला तीन वर्षं लागतात, म्हणून नाव पहिल्याच वर्षी, प्रवेशानंतरच्या पहिल्या आठवड्यांत नोंदवायचं. दुसऱ्या वर्षी आठवण झाली तर उपयोग नाही.

दीरांच्या सल्ल्याबद्दल. त्यांची तळमळ खरी आहे, पण माहिती अर्धी आहे. कमर्शियल लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं आणि खर्च पन्नास लाखांच्या आसपास किंवा पुढे जातो. हवाई दलात त्याचा फायदा एवढाच की एफकॅटच्या फ्लाइंगची वयोमर्यादा चोवीसऐवजी सव्वीस होते. निवडीत त्याचे वेगळे गुण नाहीत, आणि दुंडिगलला सगळ्यांना पहिल्या धड्यापासूनच शिकवतात. उलट हवाई दल प्रशिक्षणाचे पैसे घेत नाही, अंतिम टप्प्यातल्या कॅडेटला महिन्याला ५६,१०० रुपये विद्यावेतन देतं. त्यासाठी राहतं घर गहाण ठेवू नका. आणि घरात कोणी ‘अग्निवीर वायू’तून आत शिरून मग पायलट होता येतं असं म्हणत असेल, तर तो प्रवेश वैमानिकाचा नाही, अधिकाऱ्याचाही नाही.

क्लासचे १ लाख ८० हजार आता देऊ नका, आणि ड्रॉप तर नकोच. ड्रॉपमुळे तिच्या हातातल्या पाच प्रयत्नांतले दोन जातील. एफकॅटचा पेपर दोन तासांचा, १०० प्रश्न, ३०० गुण. बरोबर उत्तराला तीन, चुकीच्याला एक वजा. इंग्रजी, सामान्य ज्ञान, अंकगणित, तर्क. पेपर फक्त इंग्रजीत असतो. अवघडपणा गणिताचा नसून वेगाचा आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना इंग्रजीचा उतारा वाचायला वेळ लागतो आणि शेवटचे पंधरा-वीस प्रश्न तसेच राहतात. यावर उपाय रोज अर्धा तास इंग्रजी वर्तमानपत्र आणि आठवड्याला घड्याळ लावून सोडवलेला एक जुना पेपर, कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून. शेवटच्या वर्षी गरज वाटलीच तर तीन महिन्यांचा क्लास लावा.

एसएसबीसाठी मात्र राज्य सरकारची चांगली सोय आहे आणि ती पुरेशी लोकांना माहीत नाही. नाशिकरोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. महाराष्ट्रातल्या पात्र युवक-युवतींना तिथे राहणं, जेवण आणि प्रशिक्षण विनामूल्य मिळतं. कोणत्या परीक्षेचे उमेदवार घेतात आणि कागद कोणते लागतात हे ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. हे पत्र वाचणाऱ्या ज्या पालकांची मुलं आत्ता दहावीत आहेत त्यांनी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची चौकशी करावी. मुलांसाठी ती छत्रपती संभाजीनगरला आहे, मुलींसाठी नाशिकला. अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी तिथे होते. आणि दहावीनंतर काहीही झालं तरी गणित सोडू नका. गणिताऐवजी नुसतं जीवशास्त्र घेतलं की वैमानिकीचा रस्ता बारावीतच संपतो.

एसएसबी पाच दिवसांची असते. पहिल्याच दिवशी तर्काची चाचणी आणि चित्र पाहून गोष्ट सांगण्याची फेरी होते, आणि बरेच जण त्याच संध्याकाळी परतीला लागतात. पुढे राहिलेल्यांना बारा चित्रांवर गोष्टी (शेवटचं चित्र कोरं), पंधरा-पंधरा सेकंदांत साठ शब्दांवर वाक्यं, अर्ध्या तासात साठ प्रसंगांना उत्तरं, मग मैदानावरची गटकामं आणि मुलाखत. पाठ केलेली उत्तरं इथे उघडी पडतात ती एका साध्या कारणाने: मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचे अधिकारी आणि मुलाखत घेणारे तिघं वेगवेगळे बघतात आणि शेवटी एकत्र बसतात. कागदावर पुढाकार घेणारी मुलगी मैदानावर दोरी धरायलाही पुढे येत नसेल तर ते तिथेच दिसतं. म्हणून आत्तापासून तिला घरात खऱ्या जबाबदाऱ्या द्या: सोसायटीच्या गणपतीचा हिशेब, आजीच्या दवाखान्याच्या फेऱ्या, गावाला जाताना सगळ्यांचं रिझर्व्हेशन. एखादा सांघिक खेळ असावा. सीपीएसएसला रट्टा मारता येत नाही, पण रात्रभर जागून, तापात किंवा उपाशीपोटी ती देऊ नये एवढं हातात असतं. एसएसबीच्या केंद्रावर एक दिवस आधी पोहोचा.

व्यायामाला आजपासून सुरुवात करता येईल. धावण्याचा सराव, दहा पुश-अप आणि तीन चिन-अप अपेक्षित असतात. मुली अडतात त्या चिन-अपवर, कारण त्याची सवयच नसते. बागेतल्या लोखंडी दांड्याला नुसतं तीस सेकंद लटकण्यापासून सुरू केलं तरी सहा-आठ महिन्यांत पहिला चिन-अप निघतो. दरवर्षी हिमोग्लोबिन तपासा, नाकाचं हाड वाकडं असेल किंवा कानात सतत मळ होत असेल तर वेळेत दाखवा. पाठीच्या कण्याचे एक्स-रे निघतात, म्हणून जड वजनं उचलण्याचा व्यायाम जाणकाराशिवाय नको. आणि टॅटू नकोच, फार थोड्या जागी चालतो.

एक बाजू तुम्ही पत्रात विचारली नाही, पण तुमच्या मनात असेल. एफकॅटमधून मिळते ती चौदा वर्षांची अल्पसेवा, तिला मुदतवाढ नाही आणि निवृत्तिवेतन नाही. सदतीसच्या आसपास ती बाहेर येईल, दर्जेदार उड्डाणाचा अनुभव घेऊन. आणि प्रशिक्षणातही काही जणांचं उड्डाण थांबवलं जातं, हुशार मुलांचंसुद्धा. म्हणून पदवी आवडीची आणि उपयोगाची असावी, नुसती अट पुरी करणारी नको. तुमचे सहा लाख त्या पदवीसाठी, वीसनंतरच्या लेसरसाठी आणि प्रवासासाठी पुरून उरतील.

हे सगळं तुम्ही तिला समजावण्यापेक्षा हवाई दलाची ताजी जाहिरात डाउनलोड करून तिच्या हातात द्या. वैद्यकीय निकषांची पानं तिने स्वतः वाचावीत, पेन्सिलने खुणा कराव्यात, आणि कॅलेंडरवर तिच्या विसाव्या वाढदिवसाची तारीख तिनेच लिहावी. एनडीएचं ऐकून ती रडेल कदाचित. रडू द्या. पाच प्रयत्नांचा हिशेब त्याच दिवशी नका मांडू, दोन दिवसांनी मांडा.

दवाखान्यात फोन कराल तेव्हा ‘आमचा विचार बदलला’ एवढंच सांगून थांबू नका. मुलीला हवाई दलात जायचंय, वीसच्या आत शस्त्रक्रिया चालत नाही, असं कारण सांगा, म्हणजे पुढच्या मुलाला ते आपणहून विचारतील. टोकनचे पाच हजार परत मिळत नसतील तर त्या रकमेत अक्षीय लांबी, कॉर्नियाची जाडी आणि नकाशा या तीन तपासण्या करून द्या म्हणावं. बहुधा तयार होतील, आणि फाइलमधलं पहिलं पान तिथूनच येईल.